तेल जावं, शाई राहावी

माझ्या जिभेला हाड नाही, हे मला लहानपणापासून सगळ्यांनी ऐकवलंय, आणि ज्याने ज्याने ऐकवलं त्याला मी तिथल्या तिथे उत्तरही दिलंय. त्यामुळे माझी सख्खी थोरली बहीण चार वर्षं माझ्याशी बोलत नव्हती याचं कोणाला नवल वाटलं नाही. मला मात्र वाटलं. मी म्हणायचे, ताईच ती, दोन महिन्यांत येईल, पाठीत एक धपाटा घालील आणि विषय संपेल.

आली ती चार वर्षांनी. एका मंगळवारी सकाळी आमच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात आली आणि चक्क रांगेत उभी राहिली! तिच्यापुढे एक कोटवाले गृहस्थ आणि एक पडदेवाली. मी काउंटरमागे पावत्या फाडतेय. तिने मला बघितलं, मी तिला बघितलं, आणि दोघींनीही बघितलंच नाही असा चेहरा केला. तिच्या मागे तिची मुलगी, ठमी. ठमी आता साडेपाच फूट उंच आहे, कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, मुलं तिला चळाचळा कापतात म्हणे. पण लहानपणी चिकटलेलं नाव कशानेच निघत नाही, आणि डाग काढायचा धंदा माझा आहे, तेव्हा मला माहीत असणारच.

पाळी आली तशी ताईने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून काउंटरवर ठेवलं आणि ठमीला म्हणाली, "यांना सांग, तेल गेलं पाहिजे आणि शाई राहिली पाहिजे."

यांना! मला 'यांना'! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मीही काही कमी नाही. मी ठमीलाच म्हटलं, "बाईंना विचार, तेल कसलं आणि शाई कसली."

"मावशी, तेल शिवणाच्या मशीनचं," ठमी म्हणाली. "आणि शाई बाबांच्या पेनातली."

मी हातातलं पावतीपुस्तक खाली ठेवलं.

भाऊजी जमिनी मोजायचे. साखळी, दुर्बीण, नकाशे, आयुष्यभर तेच. मला भाऊ नाही. माझा नवरा गेला आणि हे दुकान एकटीच्या गळ्यात पडलं, तेव्हा पहिले सहा महिने भाऊजी रोज संध्याकाळी येऊन काउंटरवर बसायचे, का तर मी गिऱ्हाइकांशी भांडू नये म्हणून. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला. शेवटची दोन वर्षं ते लिहून बोलायचे, तेही शाईच्या पेनाने. बॉलपेन चालायचं नाही. त्याने अक्षर रागावल्यासारखं येतं, असं त्यांनी मला एकदा लिहून दाखवलं होतं.

ते गेले तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. ताई स्वयंपाकघरात होती. मी पोचले तोवर घर माणसांनी भरलेलं, आणि मला रडू आवरेना. मला रडू आलं की त्याचा राग होतो, हा माझा जुना रोग. सगळ्यांच्या देखत मी ताईला म्हटलं, "दोन वर्षं एवढं केलंस, आणि नेमकं शेवटच्या क्षणी त्यांना एकटं टाकून आत कशाला कडमडलीस?"  तिने माझ्याकडे फक्त बघितलं. त्यानंतर जे तोंड मिटलं ते मिटलं.

तर आता ते वर्तमानपत्र मी सोडलं. आत उशीचा अभ्रा होता, पांढरा, सुती, घडी पडून पडून मऊ झालेला. शेवटच्या दिवशी वही हाताशी नव्हती म्हणून भाऊजींनी उशीवरच लिहिलं होतं, ठमीने सांगितलं. ताईने तो अभ्रा मशीनच्या खणात ठेवला होता, आणि गेल्या आठवड्यात खणातली तेलाची बाटली लवंडली. तळहाताएवढा डाग, पिवळा, कापड पार काचेसारखं झालेलं. त्यात निळी अक्षरं बुडाली होती. काहीतरी लिहिलंय एवढं कळत होतं, काय ते नाही.

"दोन दुकानांत जाऊन आलो," ठमी म्हणाली. "एक जण म्हणाला, गरम पाण्यात घालून असा पांढराशुभ्र करून देतो की ओळखणार नाही तुम्ही."

"गाढव कुठला," मी म्हटलं.

"आणि आई म्हणते, वाचायचं नाही."

"मग काय डोळ्यांवर पट्टी बांधून काढू डाग?"

"ठमे, त्यांना म्हणावं, जमत नसेल तर राहू दे," ताई म्हणाली.

"बाईंना म्हणावं, बाकावर बसून घ्या," मी म्हटलं, आणि काउंटरची फळी वर करून दोघींना आत घेतलं.

आत म्हणजे मागच्या खोलीत. एका बाजूला मोठं मशीन, दुसऱ्या बाजूला इस्त्रीचं टेबल आणि त्यावर वाकलेला आमचा इस्त्रीवाला, पैलवान. त्याच्या अंगाकडे बघून कोणीही हेच नाव ठेवलं असतं. मधे माझं डागांचं टेबल. त्याला खाली दोन पायपट्ट्या आहेत. डावी दाबली की वरच्या तोटीतून वाफ, उजवी दाबली की वारा. डागावर औषध, मग वाफ, मग वारा. दिवसाला चाळीस-पन्नास कपडे असे माझ्या हातापायांखालून जातात.

सासूबाईंनी मला एकच गोष्ट शिकवली होती: पाण्याचा डाग पाण्याने काढायचा आणि तेलाचा तेलकटाने. चहा सांडला, घाम आला, शाई लागली, तर पाणी. तेल, तूप, ग्रीस असलं तर पर्क. पर्क म्हणजे आमच्या मशीनमधलं औषध. दिसायला पाण्यासारखंच, पण हातात घेतलं तर जडशीळ आणि वासाने डोकं उठवणारं. अठ्ठावीस वर्षं हा नियम चालला. का चालतो ते मी कधी विचारलं नाही, चालतंय ना, मग झालं. पण त्या दिवशी अभ्रा टेबलावर पसरला आणि माझा हात काही बाटलीकडे जाईना. लोकांचा कोट बिघडला तर माफी मागता येते, भरपाई देता येते. हा बिघडला तर भाऊजी काही दुसरा लिहून देणार नव्हते.

"ठमे," मी म्हटलं, "पर्क नक्की शाईला हात लावणार नाही? आणि का नाही लावणार? पोपटपंची नको, मला कळेल असं सांग."

ठमीचा चेहरा असा खुलला की विचारू नका. शिकवणाऱ्याला विद्यार्थी मिळाला की त्याला घरचंदारचं सुचत नाही.

"दोन अणू एकत्र येतात तेव्हा मधले इलेक्ट्रॉन दोघांत सामाईक असतात," ती म्हणाली. "एका पांघरुणात दोघं झोपल्यासारखं. आता दोघांचा जोर सारखा असेल तर पांघरूण मधोमध राहतं. पण काही अणू ओढखोर असतात. ऑक्सिजन, क्लोरीन ही मंडळी तसली. पांघरूण आपल्याकडे ओढून घेतात. मग त्यांची बाजू थोडी ऋण होते आणि उघड्या पडलेल्याची बाजू थोडी धन."

"म्हणजे तुझ्या आईसारखे," माझ्या तोंडून गेलं. आम्ही दोघी एकाच पांघरुणात वाढलो, मी रोज सकाळी कुडकुडत उठायचे.

"मी नाही, ती ओढायची," ताई बाकावरून ठमीला म्हणाली.

"गप बसा दोघी. तर पर्कमधे मधे दोन कार्बन आणि चार कोपऱ्यांना चार क्लोरीन."

"थांब," मी म्हटलं. "ओढखोर चार चार, आणि तरी ते तेलाच्या गोटात? मग तर त्याला पाण्याहून जास्त धन-ऋण टोकं पाहिजेत."

ठमी माझ्याकडे बघतच राहिली. "मावशी, हाच प्रश्न मुलांना पडावा म्हणून मी दरवर्षी घसा फोडते! नुसतं कोण किती ओढतो यावर काही ठरत नाही. कोण कुठे उभं राहून ओढतो यावर ठरतं. ये इकडे, हात पसर. पैलवानकाका, तुम्ही हा हात धरा, मी हा धरते. ओढा!"

पैलवानाने ओढलं मात्र, मी आणि ठमी दोघी त्याच्या अंगावर जाऊन आदळलो.

"हे नाही चालणार," ठमी धापा टाकत म्हणाली. "दोन्हीकडचे सारख्या ताकदीचे पाहिजेत. आई, तू ये."

ताई हलली नाही. मीही दुसरीकडे बघितलं.

"आई, तुला ते अक्षर परत पाहिजे की नको?"

ताई उठली. तिने माझं मनगट धरलं. हात तसाच होता, खरखरीत, शिवणकामाने बोटाला घट्टा पडलेला. चार वर्षांत आम्ही एकमेकींना शिवलो नव्हतो. मला एकदम भरून आलं, आणि अर्थातच मी म्हटलं, "नखं काप जरा."

"ओढा," ठमी म्हणाली. एका बाजूने ती, दुसऱ्या बाजूने ताई. बाई गं, खांदे निखळतील असं वाटलं. पण मी जागची हलले नाही. "बघितलंस? ओढ आहे, पण समोरासमोर आहे म्हणून एकमेकींना खाऊन टाकते. तुला कुठलीच दिशा नाही. पर्क असं आहे. चौघे चहूबाजूंना नीट वाटून बसलेत, सगळं वजा जाऊन हाती शून्य. आता आई, तू अशी पुढे ये, माझ्या जवळ. दोघी तिरक्या उभ्या राहू. ओढ."

यावेळी मी सरळ पुढे गेले आणि कपड्यांच्या टोपलीत तोंडावर पडले. पैलवान खो खो हसला. ताई हसली नाही, पण पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघायला लागली. ती हसू दाबते तेव्हा तिचे खांदे हलतात, ते मला पाठीवरूनही कळतं.

"हे पाणी," ठमी म्हणाली. "त्यात ओढणारा मधे बसलाय, ऑक्सिजन, आणि हायड्रोजन दोन बाजूंना. पण हिशोब तोच. ते तिघे सरळ रेषेत असते तर पाण्यालाही टोकं नसती. पण रेणू वाकलेला आहे, दोन्ही हायड्रोजन एकाच अंगाला. म्हणून एक बाजू धन, एक बाजू ऋण. या शाईच्या रंगाच्या कणांवर मुळातच विजेचा भार असतो. पाणी आपलं टोक लावून त्यांना उचलून नेतं. पर्कजवळ लावायला टोकच नाही. त्याचं आणि तेलाचं जमतं, कारण तेलालाही टोकं नाहीत. तेव्हा मशीनमधलं पर्क घे आणि निर्धास्त लाव."

इथे मी तिला धरलं. "मशीनमधलं? बाईसाहेब, तुमच्या पुस्तकातलं पर्क वेगळं आणि माझ्या टाकीतलं वेगळं. टाकीत मी साबण घालते, आणि साबणाबरोबर थोडं पाणीही. नाहीतर कोटावरचा सरबताचा डाग जाईल कसा?"

ठमीने कपाळावर हात मारला.  "साबणाचं एक टोक पाण्यातलं, एक तेलातलं. तो पाण्याला पोटाशी धरून पर्कमधे फिरवत असणार! मावशी, मी तर सांगून मोकळी झाले होते."

"म्हणून तर सांगणारे कॉलेजात असतात आणि डाग काढणारे दुकानात," मी म्हटलं. पोरीची मान खाली गेली तसं मला वाईट वाटलं, पण थोडंच.

माळ्यावर पर्कचा एक सीलबंद डबा होता. पैलवानाने तो उतरवला. तरी म्हटलं आधी चिंधीवर बघू. ताईने पर्समधून भाऊजींचं पेन काढलं. चार वर्षं तिने त्यात शाई भरलेली ठेवली होती, सुकू दिलं नव्हतं. चिंधीवर तिने तीन रेघा ओढल्या. वाळल्यावर एकीवर मी पाण्याचा थेंब सोडला. रेघ बघता बघता पसरून निळा ढग झाली. दुसरीवर टाकीतलं पर्क. कडेला अगदी पुसट निळी झाक आली. तिसरीवर नव्या डब्यातलं. रेघ जशीच्या तशी. त्याच्याच शेजारी मशीनच्या तेलाचा ठिपका पाडला, तो मात्र नव्या पर्कने सुटून खालच्या फडक्यात उतरला.

ताई इतकी वाकून बघत होती की तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता. "चालेल," ती म्हणाली. हा शब्द तिने ठमीला म्हटला नाही, मलाच म्हटला. 

ठमीला अकराचा तास होता. "खिडकी उघडी ठेव, हातमोजे घाल, वास घेत बसू नकोस," असं मलाच बजावून ती गेली. पैलवान इस्त्रीचे कपडे पोचवायला निघाला. मी त्याला म्हटलं, बॉयलर चालूच ठेव, तू आल्यावर पुन्हा वाफ लागेल. माझ्या टेबलाकडे येणाऱ्या वाफेचा कॉक तेवढा बंद करायला हवा होता. हात लांब केला असता तर पोचला असता. पण अठ्ठावीस वर्षांचा अनुभव ना माझा! मला कोण सांगणार?

अभ्रा उलटा करून, खाली जाड कोरडं फडकं घालून मी सुरुवात केली. ड्रॉपरने थेंब थेंब पर्क सोडायचं, डागाच्या कडेकडून आत यायचं, तेल खालच्या फडक्यात उतरवायचं, फडकं बदलायचं, पुन्हा थेंब. घाई केली की तेल फक्त पसरतं. पाच फडकी झाली, सहा झाली. ताई बाकावर बसून पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. तो टकटक आवाज एरवी मी दोन मिनिटं सहन केला नसता.

सातव्या फडक्यावर तेल दिसलं नाही. मी अभ्रा सुलट केला. पिवळेपणा गेला होता, कापड पुन्हा कापडासारखं दिसत होतं, आणि त्यावर भाऊजींचं ते नकाशावर गावांची नावं घालावीत तसं सुटं सुटं अक्षर. वाचायचं नव्हतं. पण मला डोळे आहेत, आणि तीनच ओळी होत्या. नजर पडली आणि वाचून झालं.

*दूध उतू जातंय.*
*तू आत जा.*
*मी आहे.*

मी पुन्हा वाचलं. स्वयंपाकघर. ताई आत गेली होती ती कडमडायला गेली नव्हती. त्यांनी पाठवली होती. मी आहे म्हणाले होते. आणि ही बया भर माणसांत माझं बोलणं ऐकून घेते, चार वर्षं ऐकून घेते, आणि हा अभ्रा माझ्या तोंडावर फेकत नाही! मला तिचा राग आला, मग माझा आला, मग समोरचं काही दिसेनासं झालं. मी हातमोज्याच्या पाठीने डोळे पुसले, आणि काम संपलं म्हणून, रोज पन्नास वेळा जातो तसा, माझा पाय खाली गेला.

डावा पाय.

फुस्स झालं. एका श्वासाइतकी वाफ. मी किंचाळून पाय उचलला, उजवी पट्टी दाबली, वारा सोडला, कोरडं फडकं दाबलं. जे जे येतं ते सगळं केलं. फडकं उचललं तर त्यालाच निळं लागलेलं. पहिली ओळ तोटीपासून लांब होती, ती तेवढी शाबूत राहिली. दूध उतू जातंय. त्याखाली दोन ओळींच्या जागी एक निळा पट्टा, कडेने फुटलेला.

ताई बाकावरून उठून उभी होती. तिला तिथून अभ्रा दिसत नव्हता, फक्त मी दिसत होते.

खरं सांगते, एक क्षण मनात आलं, म्हणावं, तेलानेच आधी शाई फुटली होती. तिला काय कळणार? मी वाचलं नाही, आणि वाचण्यासारखं राहिलंही नव्हतं, असंही म्हणावं. चार वर्षांनी तिने मला हात लावला होता, 'चालेल' म्हटलं होतं. हे सांगितलं की संपलं. यानंतर ती आठ वर्षांनीही येणार नाही.

"ताई," मी म्हटलं, "मी वाट लावली. तेल सगळं निघालं होतं, अक्षर न् अक्षर स्वच्छ होतं. मी वाफ मारली. पायाने. सवयीने. दोन ओळी गेल्या."

ती पुढे आली. टेबलाजवळ उभी राहिली. बोट त्या निळ्या पट्ट्यावर ठेवलं, ओलं लागलं म्हणून उचललं, आणि बोटाकडे बघत राहिली. मी वाट बघत होते, ती ओरडेल, मारेल, काहीतरी करेल. बाहेर काउंटरवरची घंटी वाजली. वाजू दिली.

"तू वाचलंस?" तिने विचारलं.

"वाचलं."

"गेलेल्या दोन ओळीपण?"

"हो. नको म्हणाली होतीस, तरी वाचलं. म्हणून तर रडत होते. म्हणून पाय गेला."

"काय होतं? सांग."

"तुला माहीत आहे."

"तू सांग."

माझ्यासारख्या तोंडाळ बाईलाही ती दोन वाक्यं जड गेली. "तू आत जा," मी म्हटलं. "मी आहे."

ताई बाकावर बसली नाही, तिथेच खाली फरशीवर बसली, कपड्यांच्या टोपलीला टेकून. "मी रोज उघडून बघायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, हे त्यांनी लिहिलंय की मीच मनाने रचलंय? सारखं बघावं लागायचं."

"मला का नाही दाखवलंस गं? त्याच दिवशी तोंडावर मारायचं!"

"तू आधी येशील, मग दाखवीन, असं ठरवलं होतं."

"आणि मी म्हणत होते, तू येशील."

 मी तिच्याशेजारी बसले. फरशी गार होती. "चुकलं माझं, ताई," मी म्हटलं. "तेव्हाही आणि आत्ताही. त्या दिवशी जे बोलले ते बोलायला नको होतं. मला काही माहीत नव्हतं आणि मी बोलले."

"हं," ती म्हणाली. मग निळं बोट अंगठ्याने चोळत, "आता तुला माहीत आहे ना. मग झालं. दोघींना माहीत असलं की बघावं लागणार नाही."

 अशा वेळी मी काहीतरी भलतंच विचारते. मी विचारलं, "आणि दूध? गेलं का उतू?"

ताईने निळं बोट पदराला पुसलं.

"नाही गं," ती म्हणाली. "वेळेवर पोचले मी. एक थेंबसुद्धा सांडला नाही."